एवढ्यावरनं निघतं का?

केंदूरच्या माळावर म्हस्कू कोळपे कुठं राहतो असं कुणालाही विचारा, तो रस्ता दाखवील आणि दाखवताना हसेल. "एवढ्यावरनं न्हाई म्हणता येत, त्येच ना? वढा वलांडला की डाव्या हाताला." म्हस्कूला हे नाव पडून वीस-पंचवीस वर्षं झाली होती आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चार जण पारावर बसून मजेत कुणाची तरी सालं काढत असले आणि म्हस्कू तिथं आला, की गप्पांचा विचका झालाच म्हणून समजा. "अमक्याच्या पोरानं नवी मोटारसायकल घेतली, म्हंजी जमीन इकली बघा," असं कुणी म्हणालं की हा खाली बसता बसता विचारणार, "मोटारसायकल घेतली ही खरी. जमीन इकताना कुणी बघितलं?" झालं! आता सांगा, अशा माणसाबरोबर कोण गप्पा मारील?

हा स्वभाव त्याला मेंढरांनी लावला होता. तीस वर्षं तो त्यांच्या मागं हिंडला. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, भीमेच्या कडंकडंनं दौंडच्या अंगाला उतरायचं आणि शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळायचं, धनगराला धान्य. मेंढरांभोवती जाळी लावून केलेल्या या मुक्कामाला वाडा म्हणतात. एके वर्षी कासुर्डीत हौसराव नावाच्या बागायतदाराच्या रानात वाडा पडला होता आणि सकाळी उठून बघतात तर एक गाभण मेंढी नाही. लांडग्यानं नेली, असं सगळे म्हणाले. म्हस्कूनं जाळीला तीन फेऱ्या घातल्या. जाळी शाबूत, लोकरीचा पुंजका नाही, रक्ताचा टिपूस नाही, कुत्री रात्रभर गप्प.

"लांडगा न्हवता," तो म्हणाला.

"मग बन्सी!" हौसराव लगेच म्हणाले. बन्सी त्यांच्याकडं मजुरीला होता आणि आदल्या संध्याकाळी वाड्यावर दूध मागायला आला होता.

"बन्सी आलता, एवढं खरं."

"आरं मग त्योच की!"

"आला म्हंजी नेली, असं कसं? सांजच्याला तुमीबी आलता."

हौसरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. मेंढी काही सापडली नाही, कुणी नेली ते अखेरपर्यंत कळलं नाही. म्हस्कूची बायको गिताबाई आठ दिवस त्याच्यावर धुसफुसत होती, "मुलखाचा न्याय करा तुमी, आन् मेंढी जाऊ द्या आपली." पण पुढं दर साली वाडा कासुर्डीला पोचला की बन्सी न बोलता चाऱ्याची एक पेंढी आणून टाकायचा. गिताबाई ती पेंढी बघायची, नवऱ्याकडं बघायची आणि चुलीकडं तोंड फिरवून हसायची.

गिताबाई गेली त्याला आता सहा वर्षं झाली होती. मेंढरंही कमी कमी होत पंधरावर आली होती. थोरला शंभू रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीत लागला, तिकडंच खोली करून राहिला. वस्तीवर उरले म्हस्कू आणि त्याची धाकटी पूनम. तेवढ्यात डोळ्यांनी घोळ घातला. म्हस्कूला समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं. उजव्या हाताची मेंढरं बांधावरून शेजाऱ्याच्या कांद्यात जायची आणि ह्याला पत्ता नसायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवायची, त्यासाठी सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत औषधाचा थेंब, आणि थेंब टाकला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. एक दिवसही चुकवायचं नाही. पूनमनं ते मनावर घेतलं. सूर्य उगवायचा विसरला असता, पण पूनमची बाटली विसरली नसती.

ती शिरूरच्या कॉलेजात बारावीला होती. दोन हजार आठची दिवाळी झाली आणि तिच्या इंग्रजीच्या मच्छिंद्र सरांनी तिला बोलावून एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. वकिलीच्या मोठ्या कॉलेजांची देशभर एकच प्रवेश परीक्षा निघाली होती, बारावीनंतर पाच वर्षांचं शिक्षण. "तू दे," सर म्हणाले. "तुझी भाषा चांगली, पाठांतर चांगलं. फीची काळजी करू नको, शिष्यवृत्तीचे कागद मी बघतो." पूनम एसटीत ते पुस्तक छातीशी धरून आली. बापाला सांगताना तिला धाप लागली होती. वकील व्हायचं तिच्या मनात कधीपासून होतं, हे म्हस्कूला त्या दिवशी कळलं. त्यालाही इतका आनंद झाला की त्यानं मेंढरांना आणखी एक चक्कर चारून आणलं, उगीचच.

महिना गेला आणि पूनमचं तोंड उतरायला लागलं. एका संध्याकाळी ती दाराशी पुस्तक मिटून बसली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हणून कुणी रडत न्हाई."

मग तिनं सांगितलं. परीक्षेत बाकीचं सगळं जमत होतं, पण एका जातीचे प्रश्न तिला धूळ चारत होते. आधी चार-दोन वाक्यं दिलेली, त्यांवरून कोणता निष्कर्ष निघतो ते विचारलेलं. पंचवीसातले नऊ आले होते. नऊ! "मला सगळंच बरोबर वाटतंय आबा. आन् जे बरोबर वाटतंय त्येच चुकतंय."

"वाच बघू एक. मराठीत सांग."

पूनमनं पान उघडलं. "सगळ्या मेंढ्या पांढऱ्या असत्यात..."

"कोण म्हणलं?" म्हस्कू ताडकन उठून बसला. "आपल्याकडं निम्मी मेंढरं काळी. ज्यानं हे लिवलं त्यानं जल्मात मेंढरू बघितलं न्हाई."

"आबा, ते खरं हाय असं धरून चालायचं."

"खोटं हाय ते खरं धरून चालायचं?"

"व्हय."

"मग वकिलीचीच परीक्षा हाय," म्हस्कू म्हणाला, आणि रडता रडता पूनमला हसू फुटलं.

पण तो मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात ते घोळत राहिलं. कोकरं आत घेतली, कवाड लावलं, पाणी प्यायला, आणि मग येऊन तिच्यापुढं बसला.

"हे बग, ही आपल्या वाड्याच्या बोलीसारखी गत हाय. हौसरावानं बोली केली, तीन राती मेंढरं बसवा आन् धान्य घ्या. त्येच्या बांधाला बाभळी शेंगांनी लगडल्यात. मेंढरांसाठी झोडायच्या का?"

"बोलीत न्हाईत, तर न्हाई झोडायच्या."

"आन् इहिरीचं पाणी?"

पूनम घुटमळली. "मेंढरं बसवायची म्हणल्यावर पाणी लागणारच की."

"लागंल. पण बोलीत आलं का?"

"न्हाई."

"मग आधी इचारायचं आन् मग पाजायचं. बोलीत आलं तेवढंच आपलं. बोललेलं मोडायचं न्हाई आन् न बोललेलं घुसडायचं न्हाई. तुझ्या पुस्तकानं बोली केलीया, सगळी मेंढरं पांढरी. मी तिच्याशी भांडत बसलो, ती माझी चूक. आन् तू दर बारीला तिच्यात पाणी, शेंगा, सगळं घालतीस, ती तुझी चूक."

पूनमनं पुस्तक परत उघडलं. चुकलेल्या सोळा प्रश्नांवरून बोट फिरवत गेली. बापाचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं होतं. जिथं जिथं चुकली होती तिथं तिनं आपलं काहीतरी पदरचं घातलं होतं. कामगारांना बस सुरू केली आणि हजेरी वाढली, असं पुस्तकात होतं. बसमुळंच वाढली, हे तिनं ठरवून टाकलं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! अहो, पण तिचं तरी काय चुकलं? गावात आपण अर्धं ऐकतो आणि उरलेलं अर्धं मनानं भरतो, त्यावरच तर सगळ्यांचे दिवस मजेत जातात. न भरता राहणारा गावात एकच निघाला आणि त्यालाही लोकांनी नाव ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून एक रीतच पडून गेली. पूनमनं थेंब टाकायचा, म्हस्कूनं डोळे मिटून घोंगडीवर उताणं पडायचं, आणि त्या पाच मिनिटांत तिनं प्रश्न वाचायचा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ती इंग्रजी मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. म्हस्कू पापण्या न हलवता ऐकायचा.

"वाचनालयाच्या एकूण एक सभासदापाशी कार्ड असतं. सुरेशपाशी कार्ड हाय. म्हंजी सुरेश सभासद हाय."

"न्हाई निघत. दुसऱ्याचं उचललं असंल."

"आबा, कुणी चोरलं असंबी न्हाई म्हणता येत."

"व्हय की. माझंच घसरलं. निघत न्हाई, एवढंच."

एकदा टँकरचा प्रश्न आला. ज्या वर्षी पाऊस कमी होतो त्या वर्षी गावात टँकर येतोच. यंदा टँकर आला नाही. तर यंदा पाऊस कमी झाला नाही, हे निघतं का? म्हस्कूच्या कपाळाची शीर तटतटली.

"बाहत्तर साली पाऊस न्हवता आन् टँकरबी न्हवता," तो दात आवळून म्हणाला. "मेंढरं पटापटा मेली. माझा बाप बांधावर बसून रडत हुता. माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्या."

"मग?"

"मग काय? पुस्तकानं बोली केलीया, टँकर येतोच म्हणून. तवा निघतं." आणि थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच, "पण त्या लिवणाऱ्याला एक डाव आपल्याकडं बोलाव."

सगळंच काही त्याला येत होतं असंही नाही. काही कुत्री भुंकतात, एवढंच सांगितलं तर काही भुंकत नाहीत हे निघतं का? निघतं, असं म्हस्कूचं म्हणणं. सगळी भुंकत असती तर सगळी म्हणाला नसता का? पुस्तक म्हणत होतं नाही निघत. त्यावरून दोन दिवस बाप-लेकीचं वाजलं. म्हस्कू रुसला, जेवताना बोलेना. तिसऱ्या दिवशी मेंढरं फिरवून आला तो ओसरीत यायच्या आधीच ओरडला, "पूनम! तू म्हणतीस ते खरं. आज वढ्यात चार मेंढरं माझ्या नदरंला पडली, चारीच्या चारी लंगडत हुती. काही लंगडत्यात एवढं मी म्हणीन. बाकीची बघितलीच न्हाईत, तर चांगली हायेत असं कसं म्हणू?" मग तोच तिला भाकरी वाढून द्यायला लागला.

खरं सांगायचं तर म्हस्कूच्या आयुष्यात गिताबाई गेल्यावर एवढे चांगले दिवस आले नव्हते. आता तर संध्याकाळ व्हायची तो वाट बघायचा. थेंब आग करायचा, पण त्या पाच मिनिटांत लेक शेजारी असायची, तिचा आवाज असायचा आणि त्याला काहीतरी विचारलं जायचं. आयुष्यभर ज्या सवयीपायी गावानं त्याला हसून घेतलं, ती लेकीच्या उपयोगी पडत होती. फाल्गुनात पंचवीसातले एकवीस आले. त्या दिवशी पूनमनं बापाला मिठी मारली. धनगराच्या घरात मोठी झालेली पोरगी बापाला अशी मिठी मारत नाही, त्यामुळं दोघंही लाजले.

आणि त्याच दिवशी म्हस्कूच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. पोरगी पास झाली तर जाणार. ही कॉलेजं बंगलोरला, हैदराबादला, भोपाळला. महाराष्ट्रात एकही नाही. म्हणजे आपण शिकवतोय ते तिला लांब धाडायलाच. त्यानं गिताबाईच्या फोटोपुढं उभं राहून सांगितलं, "मला लई एकटं वाटंल. पण माझ्या डोळ्यांपायी ती हितं अडकली, तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हईल. तेवढं हू दिऊ नगं."

मे महिन्यात पुण्यात परीक्षा झाली. म्हस्कू बरोबर गेला होता. गाड्या घेऊन आलेल्या आईबापांच्या गर्दीत तो दोन तास लिंबाखाली पटका गुंडाळून बसून राहिला. पूनम बाहेर आली ती घामाघूम. "निष्कर्षाचे सगळे प्रश्न सोडवले आबा," ती म्हणाली. "डोळं मिटून तुमचा आवाज आठवायची." म्हस्कूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघांनी उसाचा रस प्यायला.

निकाल जूनमध्ये लागला. मच्छिंद्र सर सुट्टीला गावी गेले होते, म्हणून पूनम एकटीच शिरूरला जाऊन इंटरनेटवर बघून आली. दुपारच्या एसटीनं परतली, हातपाय धुतले, चहा ठेवला. म्हस्कू दारात उभा.

"आबा, बंगलोरच्या यादीत माझं नाव न्हाई," ती चुलीकडं बघत म्हणाली. "हैदराबादच्यातबी न्हाई. येताना शिरूरलाच बी.ए.चा फॉर्म भरून आले."

म्हस्कू सावरून म्हणाला, "असू दे. असू दे बाळा. वकील न्हाई झालं म्हणून काय माणूस मरत न्हाई." त्या रात्री तो घोंगडी तोंडावर ओढून रडला. लेकीचं ऐन उमेदीतलं तोंड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्या शिकवणीतच खोट राहिली, असं त्याला वाटलं.

सकाळी पूनम बाटली घेऊन आली. थेंब पडले. म्हस्कू डोळे मिटून पडला. सहा महिन्यांची सवय, कान आपोआप प्रश्नाची वाट बघायला लागले.

"येक प्रश्न घाल."

"परीक्षा झाली आबा."

"बरं, मग मी घालतो," तो म्हणाला. "येका बापाला येक पोरगी हाय. ती मोठी परीक्षा देती. घरी यिऊन सांगती, बंगलोरच्या यादीत मी न्हाई, हैदराबादच्या यादीत मी न्हाई, आन् शिरूरचा फॉर्म भरलाय. तर पोरगी नापास झाली. निघतं का न्हाई निघत?"

पूनम बाटलीचं बूच घट्ट करत बसली. बापाशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून काल तिनं नुसतं खरंच सांगितलं होतं. उरलेलं बाप मनानं भरील, असा तिचा हिशेब. सगळ्या गावात जो कधी पदरचं घालत नव्हता त्याच्यावर तिनं हा डाव टाकला, आणि लेकीच्या मायेपायी तो एक रात्र फसलासुद्धा.

"पाच मिंटं व्हत आली. उत्तर दे."

"न्हाई निघत," पूनम म्हणाली.

"मग कुठल्या यादीत हाय?"

"भोपाळच्या."

म्हस्कूनं डोळे उघडले. औषध गालावर ओघळलं. "आगं मग रातभर मी कशापायी रडलो?" तो ओरडला. "भोपाळ! माझी पोरगी भोपाळला लागली आन् मला चहा पाजून गप बसवतीस? कवा जायाचं हाय?"

"मी न्हाई जाणार."

"का?"

"थेंब कोण टाकणार?" पूनमनं आता तोंड सोडलं. "शंभूदादाची पाळी बदलती, त्याला रोज यायला जमायचं न्हाई. त्याच्या येका खोलीत तुमी दोन दिस राहत न्हाई. येक दिवस चुकवू नगा म्हणून डॉक्टर बजावून सांगत्यात. मी तिकडं पुस्तकं वाचायची आन् तुमी हितं आंधळं व्हायचं? असली वकिली काय जाळायचीय मला?"

म्हस्कू तिच्याकडं बघत राहिला. समोर होती, त्यामुळं नीट दिसत होती. अठरा वर्षांची पोर, पण हट्ट आणि रागात नाकाचा शेंडा लाल, अगदी गिताबाई. त्याला तिचा इतका कळवळा आला की क्षणभर वाटलं, राहू दे, नको जाऊ. पण तो राग आणून म्हणाला, "हे बग. जल्मभर लोकांनी काय बी म्हणावं आन् मी सांगावं, एवढ्यावरनं न्हाई म्हणता येत. उद्या लोकं म्हणतील, म्हस्कूच्या डोळ्यांपायी पोरगी घरी बसली. त्ये मातर खरं असंल. तवा मी काय सांगू त्यास्नी?"

पूनम बाटली कोनाड्यात ठेवायला उठली.

"आन् थेंब मला टाकता येत न्हाई, हे कुणी सांगितलं?"

"आजवर कवा टाकलाय का तुमी?"

"टाकला न्हाई, एवढं खरं. मघाचं औषध गालावर गेलं, आण ती बाटली."

तो भिंतीला टेकून बसला, मान मागं टाकली. नांगर धरलेला, मेंढरं ओढलेला हात, त्यात ती अंगठ्याएवढी बाटली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा नाकावर. तिसऱ्याच्या वेळी पापणी आधीच मिटली. पूनमचा हात आपोआप पुढं आला.

"हात लावू नगं!" म्हस्कू खेकसला. "लावलास तर मला कळणार कसं?"

चौथा मिशीत गेला. पाचव्याला त्यानं डाव्या हाताची दोन बोटं पापणीला लावली, कोकराला औषध पाजताना जबडा उघडतात तशी, आणि बाटली दाबली.

"गेला?"

"गेला," पूनम म्हणाली आणि तिला हुंदका आला. मग तिनं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. म्हस्कू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. दुसरा डोळा राहिलाय, याची दोघांनाही शुद्ध नव्हती.

जायला नऊ दिवस होते. पूनमनं जुन्या रिकाम्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरून दिलं आणि म्हस्कूनं त्यावर हात बसवला. दहातले चार, मग सहा, मग नऊ. शेजारच्या वस्तीवरची धुरपदाकाकी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन थेंब टाकला का ते विचारणार होती. शंभूनं मोबाईल घेऊन दिला. पूनमनं शिरूरला जाऊन बी.ए.चा फॉर्म मागं घेतला.

गाडी दौंडहून सकाळची होती. शंभूनं मित्राचा टेम्पो आणला, ट्रंक आणि पिशव्या मागं टाकल्या. चौफुल्याला चहा झाला, तो कुणालाच गेला नाही. दौंडच्या फलाटावर तोबा गर्दी. गाडी आली तशी शंभूनं ट्रंक आत ढकलली, पूनम बापाच्या पाया पडली. "जेवत जा आबा," एवढंच तिला बोलता आलं. म्हस्कूला खूप सांगायचं होतं. "जा," तो म्हणाला. "जा माझी बाय. मला लई बरं वाटतंय आन् लई वाईटबी वाटतंय. तू जा."

ती आत गेली आणि गर्दीनं तिला गिळलं. गाडी हलली. म्हस्कूला समोरचं तेवढं दिसायचं, तेही थांबलेलं. हलती गाडी त्याच्या नजरेत मावेना. खिडक्या येत होत्या आणि जात होत्या, तोंडं दिसायच्या आत पुढं सरकत होती. पूनम कुठल्या खिडकीत आहे ते त्याला कळेना. तेव्हा त्यानं पटका काढून हातात घेतला आणि एकूण एक खिडकीला हलवायला लागला. अनोळखी माणसं हसून हात करत होती, एका लहान पोरानं टाटा केला, म्हस्कू त्यांनाही हलवत होता. एकही खिडकी त्यानं सोडली नाही.

"आबा, पूनम मघाच गेली पुढं," शंभू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तिनं बघितलं तुमास्नी. लई येळ हात करत हुती."

"व्हय?" म्हस्कू म्हणाला, आणि शेवटचा डबा निघून जाईपर्यंत पटका हलवत राहिला.